पुढच्या खेपेला

युमेल बेटाला धक्का नाही.
होडी वाळूत घुसते, आपण बुटांसकट पाण्यात.
घडीची खुर्ची, कॉम्प्रेसर, दिवा, हत्यारं उकळायचा डबा,
सगळं खांद्यावरून शाळेत.
फळ्यावर कालचा भागाकार तसाच असतो.
मी तो पुसत नाही.

बाकांवर पहाटेपासून माणसं.
भिजलेल्या लोकरीचा वास, लवंगेचा वास,
आणि कुणाच्या तरी सडलेल्या दाढेचा,
तो मला दारातूनच कळतो.

पहिला बेलार्मिनो, होड्या बांधणारा.
तीन आठवडे गालाला उकडलेला बटाटा लावून बसलाय.
मिठाची गुळणी झाली, दारूची झाली,
शेवटी संत कायेतानोलाही सांगून झालं.
"सगळेच उपटा," म्हणतो, "एकदाचे.
पुन्हा यायला नको."
एक फळी कुजली म्हणून होडी जाळतोस का रे?
तो बराच वेळ विचार करतो. मग तोंड उघडतो.
एक काढते, दोन भरते.
पू वाहून गेल्यावर
तो खुर्चीतच झोपी जातो,
आणि कुणी त्याला उठवत नाही.

एलिसेओ साडेपाच वर्षांचा.
पुढचे चार दात शिंपल्याच्या पाठीसारखे काळे.
"दुधाचेच तर आहेत," आई म्हणते, "पडतीलच की."
पडतील. पण त्यांच्या खाली दुसरे उभे आहेत,
रांगेत, तुमच्यासारखेच.
बाप साल्मनच्या पिंजऱ्यांवर, महिनाभर घरी नाही,
म्हणून पोर गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपतं.
यावर माझ्या पेटीत काही नाही.
बाटलीत नुसतं पाणी, एवढंच सांगते. ब्रश देते.
तो त्या ब्रशाने फळ्यावरचा भागाकार घासू लागतो.

ओतिलिया बाईंच्या दाढा झिजून सपाट.
"रात्री दातओठ खाता. कुणावर?"
"यादी मोठी आहे," त्या म्हणतात, न हसता.

कुणाच्या हिरड्यांतून रक्त येतं,
म्हणून त्याने ब्रशच सोडला.
त्यामुळे आता जास्त येतं.
हे मी दिवसात अकरा वेळा समजावते
आणि अकराव्या वेळी माझाच आवाज मला परका वाटतो.

रोसामेल काहीच दाखवायला आलेला नव्हता.
पाऊस चुकवायला आत शिरला, अकॉर्डियन कोटाखाली धरून.
आलाच आहेस तर बस.
जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, नखाएवढा.
"दुखत नाही," तो म्हणाला.
तेच तर.
कास्त्रोच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली,
खाली बोटीची वेळही लिहिली,
त्याखाली पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरांत.

सगळ्यात शेवटी एदुविना. रुमालात कवळी.
"माझी नाही. म्हाताऱ्याची. दोन वर्षं झाली त्याला.
अजून चांगली आहे. जराशी घासून मला बसवा."
नाही बसायची. प्रत्येक तोंडाचा किनारा वेगळा असतो.
"त्रेपन्न वर्षं एका ताटात जेवलो," ती म्हणाली,
जणू मापाचा प्रश्न तिथेच मिटला.
मी तिच्या बोळक्याचा साचा घेतला.
तिने त्या गुलाबी लगद्यात
आपल्या हिरड्या उमटलेल्या पाहिल्या
आणि क्रूस केला.

मार्चमध्ये पुन्हा तीच वाळू, तेच ओले बूट.
रोसामेल इस्पितळात जाऊन आला होता. बारा टाके.
वाजवतो, गात नाही अजून.
एदुविनाने नवी कवळी घातली, आरसा नाकारला,
खिशातून सफरचंद काढून चावलं.
"त्याचा आवाज मोठा यायचा," एवढंच म्हणाली.
मग जुनी कवळी रुमालात पुन्हा बांधली.
आता दोन्ही रात्री एकाच पेल्यात ठेवणार म्हणे.
"भांडतील की."
"भांडू देत."

भरती चढली, होडीवाल्याने शीळ घातली.
आम्हाला भाड्यात एक पोतं बटाटे मिळाले.
पाणी अंगावर उडालं, गार,
आणि माझी डावी दाढ ठणकली.
वर्ष झालं तिला.
बघू, पुढच्या खेपेला.